बैराटची शिळा

जयपूर शहराच्या उत्तरेस, अरवलीच्या डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात, बैराट नावाचे एक जुने गाव आहे. महाभारतातील विराट राजाची नगरी ती हीच, अशी तेथील परंपरा. म्हणून त्या गावाला विराटनगर असेही म्हणतात. गावाजवळच्या एका टेकडीला ‘बीजक की पहाडी’ हे नाव पडले आहे. बीजक म्हणजे कोरलेला लेख. टेकडीवर प्रचंड शिळा एकमेकींना टेकून उभ्या आहेत आणि त्यांच्या सावलीत एका वर्तुळाकार बौद्ध चैत्यगृहाचा पाया दिसतो. रायबहादूर दयाराम साहनी यांनी १९३५-३६ च्या सुमारास येथे उत्खनन करून विटांच्या भिंती आणि त्यांत बसवलेले लाकडी अष्टकोनी खांब यांचा माग काढला. ज्या लेखावरून टेकडीला नाव मिळाले तो लेख मात्र आज तेथे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅप्टन बर्ट या इंग्रज अधिकाऱ्याला ती कोरीव शिळा आढळली आणि पुढे ती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत नेऊन ठेवण्यात आली. विद्वानांच्या ग्रंथांत तिचा उल्लेख भाब्रूचा शिलालेख म्हणून येतो.

लेख लहान आहे. मगधाचा राजा प्रियदर्शी, म्हणजे सम्राट अशोक, त्यात भिक्षुसंघाला अभिवादन करतो, संघाचे आरोग्य आणि कुशल चिंतितो, आणि बुद्ध, धम्म व संघ यांच्यावरील आपली श्रद्धा प्रकट करतो. नंतर तो सात धर्मप्रवचनांची नावे घेतो आणि भिक्षूंनी व भिक्षुणींनी, उपासकांनी व उपासिकांनी ती वारंवार ऐकावीत व त्यांचे मनन करावे, अशी इच्छा व्यक्त करतो. अशोकाचे बहुतेक लेख प्रजेला किंवा अधिकाऱ्यांना उद्देशून आहेत. येथे मात्र राजसत्ता एका धर्मसंघाशी थेट बोलते आहे, आणि तेही आज्ञेच्या नव्हे, विनंतीच्या स्वरात.

ही सात प्रवचने त्रिपिटकात नेमकी कोठे आहेत, याचा शोध ज्या विद्वानांनी घेतला त्यांत एक मराठी माणूस होता. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ या गावी झाला. बुद्धाचा धर्म समजून घेण्यासाठी त्यांनी घर सोडले, नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश येथे पायपीट केली आणि पाली भाषा आत्मसात केली. १९१२ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात त्यांनी भाब्रूच्या लेखातील प्रवचनांविषयी लेख लिहिला. त्या सात प्रवचनांपैकी शेवटच्याविषयी मतभेदाला फारसा वाव नाही, कारण अशोकाने त्याचे नाव घेताना एक खुलासाही कोरून ठेवला आहे: राहुलाला केलेला उपदेश, असत्यभाषणाच्या विषयावरचा.

राहुल हा बुद्धाचा पुत्र. लहान वयातच त्याने प्रव्रज्या घेतली होती. बुद्ध त्याला भेटायला गेला असता राहुलाने पाय धुण्यासाठी पाणी आणून ठेवले. भांड्यात थोडेसे पाणी उरले, तेव्हा बुद्धाने ते दाखवून म्हटले की, जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणत्व इतकेच थोडे असते. मग त्याने ते पाणी फेकून दिले, भांडे उपडे केले, पुन्हा उलथे केले, आणि प्रत्येक वेळी तोच अर्थ अधिक स्पष्ट केला. ज्याला खोट्याची लाज नाही, असा माणूस करणार नाही असे कोणतेही पाप नाही, हे त्या उपदेशाचे सार. पुढे आरशाचा दृष्टान्त आहे. माणूस आरशात तोंड पाहतो तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर तपासून पाहावे: यामुळे स्वतःला पीडा होते काय, दुसऱ्याला पीडा होते काय?

एका साम्राज्याच्या अधिपतीला संघाने नेमके हेच प्रवचन ऐकावे असे का वाटले असेल, ते त्याने लिहून ठेवलेले नाही. तथापि त्याच राजाचा दुसरा एक लेख शेजारी ठेवून वाचला म्हणजे त्याला निराळाच अर्थ प्राप्त होतो. तो लेख ओरिसात धौली येथे आहे. कलिंगाच्या युद्धानंतर जिंकलेल्या प्रदेशातील न्यायाधिकाऱ्यांना तो उद्देशून आहे. सर्व माणसे आपली मुले आहेत, असे राजा त्यांना सांगतो, आणि लगेच एका कठोर वस्तुस्थितीकडे वळतो. एखाद्या माणसाला कारण नसता तुरुंगवास घडतो किंवा त्याचा छळ होतो, आणि त्याच्यापायी इतर पुष्कळांना दुःख भोगावे लागते. हे का घडते? अशोकाने दिलेली कारणे कोणत्याही काळातील ठाण्याला लागू पडतील अशी आहेत: मत्सर, शीघ्रकोप, निष्ठुरपणा, घाई, अनभ्यास, आळस आणि थकवा. अन्यायी तुरुंगवास आणि छळ होऊ नये म्हणून दर पाच वर्षांनी सौम्य वृत्तीचा अधिकारी तपासणीसाठी पाठवण्यात येईल, असे तो जाहीर करतो. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवावा, आणि मधल्या दिवसांतही, ऐकणारा एकच माणूस असला तरी, तो ऐकवावा, अशी त्याची आज्ञा आहे.

म्हणजे एकाच राजाची ही दोन पत्रे आहेत. एक अधिकाऱ्यांना: छळ करू नका. दुसरे धर्मसंघाला: असत्याविषयीचा उपदेश विसरू नका. अशोकाने त्यांची सांगड घातली होती असा दावा करण्याचे कारण नाही. पण माणसाच्या छळाचा इतिहास पाहू गेले असता ही दोन पत्रे एकमेकांना पूरक आहेत, हे ध्यानी आल्यावाचून राहत नाही. छळ हा नेहमी असत्याच्या आधारावर उभा असतो. त्याची सुरुवात खोट्या आरोपाने होते, त्याचे फळ म्हणजे खोटा कबुलीजबाब, आणि त्यावर पांघरूण घातले जाते तेही खोट्याचेच. हात बांधून ठेवण्याचे काम कायद्याचे आहे. ते खोटे उघडे पाडण्याचे काम ज्यांच्याकडे जाते, त्यांत धर्मसंघांचा क्रम बराच वरचा लागतो, कारण सत्य बोलावे हे शिकवण्याचा अधिकार त्यांनी युगानुयुगे स्वतःकडे ठेवला आहे.

हा अधिकार त्यांनी नेहमी नीट वापरला, असे मात्र म्हणता येणार नाही. कोसंबींच्या साखवाळ गावचे लक्ष्मीनरसिंहाचे देऊळ पोर्तुगीजांनी १५६७ मध्ये पाडले आणि देवाला वेलिंगला आश्रय घ्यावा लागला. त्याआधी, १५६० मध्ये, गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले होते. मधल्या चार वर्षांचा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालू राहिले. तेथे धर्माच्या नावाने माणसे कोठडीत पडली. आरोप करणारा कोण हे आरोपीला कळत नसे. आपला अपराध कोणता हे त्याने स्वतःच ओळखून कबूल करावे अशी अपेक्षा असे. या कोठड्यांचे वर्णन जगापुढे ज्याने मांडले तो शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य स्वतः कॅथलिक होता आणि त्या कोठडीत राहून आलेला होता. त्याचे पुस्तक १६८७ साली प्रसिद्ध झाले.

याच सतराव्या शतकात जर्मनीत फ्रीडरिख श्पे नावाचा एक जेझुइट धर्मगुरू होऊन गेला. चेटकीण ठरवून जाळल्या जाणाऱ्या स्त्रियांचे पापनिवेदन ऐकण्याचे काम अशा धर्मगुरूंकडे येत असे. १६३१ मध्ये त्याने आपले नाव न देता एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा युक्तिवाद साधा होता. चेटकिणी इतक्या सापडतात याचे कारण त्या आहेत हे नसून यातनायंत्र आहे. ते यंत्र लावले तर न्यायाधीश आणि धर्माचार्यसुद्धा स्वतःला चेटक्या म्हणवून घेतील. श्पेच्या धर्मसंस्थेने ज्या यंत्राला मान्यता दिली होती त्याविरुद्ध बोलण्याचे बळ त्याला त्याच धर्माच्या एका कर्तव्याने दिले. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे खरे बोलणे ऐकून घेण्याचे ते कर्तव्य होते.

आता पुन्हा जयपूरकडे वळावयाचे. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसवलेल्या या नगरीत जैन समाज आरंभापासून मोठा आहे. अठराव्या शतकात येथे पंडित टोडरमल नावाचे थोर जैन विद्वान राहत असत. जैन परंपरा असे सांगते की, पहिल्या माधोसिंहाच्या कारकिर्दीत शिवपिंडीची विटंबना केल्याचा खोटा आळ त्यांच्यावर घेण्यात आला आणि त्यांना हत्तीच्या पायी देण्यात आले. त्यांचा ‘मोक्षमार्गप्रकाशक’ हा ग्रंथ अपुरा राहिला, तो आजही अपुराच वाचला जातो. या कथेत आळ घेणारे आणि आळ सोसणारे दोघेही आपापल्या धर्माचे निष्ठावंत होते. पंथद्वेषातून उठलेली एक अफवा राजाच्या कानी गेली आणि बाकीचे काम दंडसत्तेने केले. त्या वेळी आळ घेणाऱ्यांच्याच पंथातील एखाद्या आचार्याने दरबारात उभे राहून ‘हे खोटे आहे’ एवढे तीन शब्द उच्चारले असते, तर?

असे शब्द उच्चारले गेल्याचे एक उदाहरण याच जयपुरात सापडते. ब्रिटिशांच्या मुलखात सतीची चाल १८२९-३० मध्ये कायद्याने बंद झाली, पण संस्थानांना तो कायदा लागू नव्हता. राजपुतान्यात ही चाल क्षात्रधर्माचे भूषण समजली जाई. परकीयांनी तिच्याविरुद्ध काही म्हटले की तो धर्मात हस्तक्षेप मानला जाई. १८४० नंतरच्या त्या वर्षांत महाराजा रामसिंह अल्पवयी असल्यामुळे जयपूरचा कारभार एक मंडळ पाहत होते आणि मेजर लडलो हा पोलिटिकल एजंट त्याचा अध्यक्ष होता. त्याने हुकूम काढण्याची घाई केली नाही. मनुस्मृतीत विधवेने जाळून घ्यावे असे कोठेही सांगितलेले नाही, उलट तिने संयमाने आयुष्य काढावे असे सांगितले आहे, हा मुद्दा संस्थानातील मान्यवरांनीच मांडावा अशी खटपट त्याने केली. अखेरीस जयपूरच्या प्रमुख धर्माचार्यांनी लेखी निर्णय दिला की, सहगमनापेक्षा व्रतस्थ जीवन अधिक पुण्यप्रद होय. त्यानंतर, ऑगस्ट १८४६ मध्ये, जयपूर दरबाराने सती जाणे व जाण्यास साहाय्य करणे हा अपराध ठरवला. पुढे थोड्याच काळात राजपुतान्यातील अनेक संस्थानांनी त्याचे अनुकरण केले.

या घटनेचे मर्म त्या लेखी निर्णयात आहे. चितेवर चढणाऱ्या स्त्रीच्या वेदनेला ‘पुण्य’ हे नाव दिलेले होते; त्या नावामुळे पाहणाऱ्यांना ती वेदना दिसत नव्हती. नाव काढून घेतल्याबरोबर उरला तो केवळ अग्नी आणि त्यात होरपळणारा एक देह. ते नाव काढून घेण्याचा अधिकार राजाला नव्हता, लडलोला तर नव्हताच. तो धर्माचार्यांना होता आणि त्यांनी तो वापरला.

तथापि एकदा काढून घेतलेले नाव कायमचे गेले असे होत नाही. ४ सप्टेंबर १९८७ रोजी जयपूरपासून फार लांब नसलेल्या सीकर जिल्ह्यातील देवराला गावी एक अठरा वर्षांची विधवा पतीच्या चितेवर जळून मेली. बाराव्या दिवशीच्या चुनरी समारंभाला उच्च न्यायालयाची मनाई असतानाही फार मोठा जनसमुदाय लोटला. जयपूरच्या रस्त्यांतून स्त्रियांचा निषेध मोर्चा निघाला, आणि धर्मरक्षणाच्या नावाने त्याहून मोठा प्रतिमोर्चाही निघाला. पुरीच्या तत्कालीन शंकराचार्यांनी सतीचे समर्थन केले. दुसऱ्या बाजूस स्वामी अग्निवेश हे आर्यसमाजी संन्यासी इतर संन्याशांसह दिल्लीच्या लाल किल्ल्यापासून देवरालाकडे पायी निघाले, शास्त्रार्थाचे आव्हान देत निघाले. त्यांना वाटेतच अडवण्यात आले. त्यानंतर सतीच्या उदात्तीकरणालाही शिक्षा सांगणारा केंद्रीय कायदा झाला. या कायद्याखाली चाललेल्या एका खटल्यात उरलेले आठ आरोपी २०२४ मध्ये जयपूरच्या विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. कायदा आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु समाजाच्या मनात जो शब्द पवित्र होऊन बसला आहे त्याला केवळ कायद्याने धक्का लागत नाही. १८४६ मध्ये धर्माचार्य आणि दरबार एका बाजूला होते. १९८७ मध्ये कायदा एकीकडे आणि जयघोष दुसरीकडे, अशी फाटाफूट झाली. जळून गेलेल्या त्या मुलीच्या वाट्याला या दोहोंपैकी काहीच वेळेवर आले नाही.

सतीचा प्रश्न हा समाजाने केलेल्या छळाचा आहे. राज्यसंस्थेने कोठडीत केलेल्या छळाच्या बाबतीत धर्मसंघ काय करू शकतात, याचे उदाहरण ब्राझीलमध्ये पाहावयास मिळते. तेथे १९६४ पासून लष्करी राजवट होती. २५ ऑक्टोबर १९७५ रोजी व्लादिमीर हेरझोग हा पत्रकार साओ पावलो शहरातील लष्करी चौकशी केंद्रात बोलावल्यावरून स्वतःहून हजर झाला आणि त्याच दिवशी तेथे मरण पावला. त्याने गळफास घेतला, असे लष्कराने जाहीर केले. हेरझोग ज्यू होता. ज्यू रूढीनुसार आत्महत्या करणाऱ्याचे दफन स्मशानाच्या कडेला, वेगळ्या जागी होत असे. दफनापूर्वी स्नान घालणाऱ्यांना देहावर मारहाणीच्या खुणा दिसल्या. हेन्री सोबेल या तरुण रब्बीने त्याला आत्महत्या करणाऱ्यांच्या जागेत पुरण्यास नकार दिला. त्याने भाषण केले नाही की पत्रक काढले नाही. थडग्याची जागा बदलली, एवढेच. आणि ज्यांना समजायचे ते समजले.

सहा दिवसांनी साओ पावलोच्या मुख्य कॅथीड्रलमध्ये कार्डिनल पावलो एव्हारिस्तो आर्न्स, रब्बी सोबेल आणि प्रॉटेस्टंट पाद्री जेम्स राइट या तिघांनी मिळून प्रार्थना केली. बाहेर पोलिसांचा वेढा असताना हजारो माणसे आत जमली होती. पुढे आर्न्स आणि राइट यांच्या पाठिंब्याने वकिलांच्या एका गटाने लष्करी न्यायालयांच्या खटल्यांची कागदपत्रे तपासणीसाठी म्हणून घेऊन, गुपचूप त्यांच्या प्रती काढल्या. आरोपींनी न्यायाधीशांसमोर सांगितलेली यातनांची हकीकत त्या कागदांत सरकारच्याच हाताने नोंदलेली होती. १९८५ मध्ये त्यांवर आधारलेले पुस्तक बाहेर आले आणि ‘आमच्याकडे छळ होत नाही’ हे वाक्य पुन्हा उच्चारणे कोणालाही कठीण झाले. हेरझोगच्या मृत्यूचा दाखला मात्र २०१३ मध्ये दुरुस्त झाला. रब्बीने एका दिवसात जे सत्य मान्य केले, ते मान्य करायला राज्याच्या दप्तराला अडतीस वर्षे लागली.

भारतात कायद्याची स्थिती काय आहे? पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात धरू नये, हे तत्त्व येथे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदानुसार अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात अटकेविषयी अकरा नियम घालून दिले. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. परंतु छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली असली तरी त्याला संमती देऊन तो अद्याप स्वीकारलेला नाही. छळप्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत झाले आणि पुढे राज्यसभेत अडकून लयाला गेले. विधी आयोगाने २०१७ मध्ये नवा मसुदा सुचवला. त्याचाही कायदा झालेला नाही. हे घोडे का अडले, याचे उत्तर केवळ दिल्लीत शोधून चालणार नाही. चोराला मारल्याशिवाय चोरी उघडकीस येत नाही, ही समजूत चावडीपासून दिवाणखान्यापर्यंत पसरलेली आहे. छळाला मूक मत देणारा मतदार जागोजागी आहे, आणि तो देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, विहारात नेमाने जाणारा आहे.

याच माणसाशी बोलण्याची सोय धर्मसंघांपाशी आहे. सामग्रीही त्यांच्या घरचीच आहे. जैन आचारशास्त्र सांगते की, हिंसा तीन प्रकारांनी घडते: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि दुसऱ्याने केली असता मनाने पसंत केलेली. वर्तमानपत्रात कोठडीतील मारहाणीची बातमी वाचून ‘बरे झाले’ म्हणणारा माणूस या हिशेबात सुटत नाही. इस्लामी परंपरेत हिशाम बिन हकीम या प्रेषितांच्या सहवासातील गृहस्थाची हकीकत आहे. सिरियाच्या प्रांतात कर न भरल्याबद्दल काही शेतकऱ्यांना उन्हात उभे केलेले त्याने पाहिले. जे लोक या जगात माणसांना यातना देतात त्यांना ईश्वर यातना देईल, असे आपण प्रेषितांच्या तोंडून ऐकले असल्याचे त्याने तेथेच सांगितले. मग तो अधिकाऱ्याकडे गेला आणि ती माणसे सोडून देण्यात आली. ते शेतकरी त्याच्या धर्माचे नव्हते, ही गोष्ट या हकीकतीत विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. ख्रिस्ती माणूस ज्या क्रूसापुढे गुडघे टेकतो तो तर राज्यसंस्थेने दिलेल्या यातनेचेच साधन होता. आणि १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या दीक्षेपासून महाराष्ट्रातील लक्षावधी बौद्ध घरांत जे पंचशील म्हटले जाते, त्यातले चौथे शील असत्यापासून दूर राहण्याचेच आहे.

उपदेशाच्या पलीकडे करण्यासारख्या गोष्टीही आहेत आणि त्या फार अवघड नाहीत. बसू खटल्यातील नियमांप्रमाणे अटकेच्या टिपणावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित गृहस्थाची साक्ष लागते. नातेवाइकाला किंवा मित्राला अटकेची खबर द्यावी लागते. कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. मोलमजुरी करणाऱ्या, भटक्या जमातीत जन्मलेल्या माणसाला रात्री उचलून नेले तर त्याच्यासाठी सही करणारा प्रतिष्ठित गृहस्थ कोठून यायचा? पुजारी, मौलवी, पाद्री, भन्ते, ग्रंथी यांपैकी कोणीही तो होऊ शकतो. देवस्थानच्या फलकावर पूजेच्या वेळापत्रकाशेजारी हे अकरा नियम सोप्या भाषेत लावता येतात. जखमी होऊन सुटलेल्या माणसाला औषधपाणी, वकील आणि पुन्हा कामधंदा मिळवून देणे, ही सेवा कोणत्याही अन्नछत्राइतकीच पुण्याची आहे. फ्रान्समध्ये दोन प्रॉटेस्टंट स्त्रियांनी १९७४ मध्ये छळाच्या निर्मूलनासाठी ख्रिस्ती लोकांची एक संघटना काढली. तिचे सभासद दूर देशांतील कैद्यांसाठी प्रार्थना करतात आणि त्याच बैठकीत अधिकाऱ्यांना पत्रेही लिहितात. अमेरिकेत २००६ मध्ये निरनिराळ्या धर्मांच्या संस्था स्वतःच्याच सरकारच्या चौकशीपद्धतीविरुद्ध एकत्र आल्या.

छळ करणाऱ्या माणसालाही विसरून चालणार नाही. तोही कोणत्या तरी देवाचा भक्त असतो. अशोकाच्या यादीत निष्ठुरपणाबरोबर थकवाही आहे, आणि घाईही. वरून ‘आरोपी आजच्या आज हजर करा’ असा दट्ट्या लागलेला आणि सतत जागरणाची नोकरी करणारा शिपाई जेव्हा हात उगारतो तेव्हा त्याला थांबवण्यासाठी नियमांच्या पुस्तकाबरोबर मनातला आरसाही लागतो. राहुलाला दिलेला तो आरसा खाकी कपड्यांतील माणसालाही उपयोगी पडेल. एखाद्या कीर्तनकाराने, एखाद्या मुनीने हे त्याला प्रेमाने सांगितले तर ते न्यायालयाच्या ताशेऱ्यांपेक्षा खोल जाण्याचा संभव आहे.

या सर्वांची खरी कसोटी मात्र एकच आहे. आपल्या माणसाचा छळ झाला म्हणजे प्रत्येक समाज पेटून उठतो. त्याला धर्म लागत नाही, रक्ताचे नाते पुरते. कसोटी लागते ती कोठडीतला माणूस परका असतो तेव्हा, आणि मारणारा आपला असतो तेव्हा. टोडरमलांच्या वेळी तसे कोणी उभे राहिले, असे ती परंपरा सांगत नाही. १८४६ मध्ये जयपूरचे धर्माचार्य आपल्याच लोकांच्या अभिमानाविरुद्ध उभे राहिले, म्हणून त्यांच्या निर्णयाचे मोल.

बैराटच्या टेकडीवर आता वारा आणि माकडे यांचाच वावर अधिक आहे. चैत्याचे लाकडी खांब केव्हाच नाहीसे झाले आणि शिळा दूर वंगदेशी गेली. तिच्यावरचा मजकूर राहिला आहे. कोरून ठेवल्यावर काम झाले असे अशोकालाही वाटले नसावे. म्हणूनच एका पत्रात त्याने ‘वाचून दाखवा’ असे म्हटले आणि दुसऱ्यात ‘वारंवार ऐका’ असे. ते वाचून दाखवण्याचे काम बाकी आहे. ऐकणारा एकच माणूस असला, तरीही.